बी.एस्सी.चे ५७ टक्के आडवे आले तेव्हा: फिजिक्सकडून रेडिओथेरपीकडे गेलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

बार्शी तालुक्यातली मुलगी. बी.एस्सी. फिजिक्स ५७ टक्के, एम.एस्सी. फिजिक्स ६८ टक्के. वडील कोरडवाहू शेती करतात, काका माध्यमिक शाळेत शिक्षक. एम.एस्सी.चा निकाल लागला त्या उन्हाळ्यात तिच्यापुढे जो पेच उभा राहिला, त्याची ही हकिगत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत; गुण, नियम आणि निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी तिच्या आत्याला तोंडाचा कॅन्सर निघाला. लाईट द्यायला, म्हणजे रेडिओथेरपीचे किरण द्यायला, आत्याला रोज बार्शीला न्यायचं काम हिच्याकडे आलं आणि त्या वर्षीचे गुण त्यातच गेले. बार्शीचं नाव कॅन्सरच्या क्षेत्रात जुनं आहे; देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथंच सुरू झाली. मशीनच्या खोलीबाहेर बसल्या बसल्या तिला एक माणूस रोज दिसायचा. पांढरा कोट नाही, गळ्यात स्टेथोस्कोप नाही, हातात वही आणि एक जाड वायर. सिस्टरनं सांगितलं, "ते डॉक्टर नाहीत गं, फिजिक्सवाले आहेत." फिजिक्स शिकून दवाखान्यात नोकरी करता येते, हे तिला तिथं कळलं. तिच्या कॉलेजात ते कुणी सांगितलं नव्हतं.

तिच्या विभागातले एक प्राध्यापक माझे वर्गमित्र. मी पुण्यात रेडिओथेरपी विभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून त्यांनी तिला माझ्याकडे धाडलं. सोबत वडील आणि काका दोघंही आले होते.

काकांचं म्हणणं सरळ होतं. बी.एड. करायचं, टीईटी द्यायची, एखाद्या संस्थेत चिकटायचं. वडिलांना कशाचंच वावडं नव्हतं. "कर्ज काढायचं तर निदान नोकरी लागंल असं काढू," एवढंच ते म्हणाले. तिसरा प्रस्ताव एका रंगीत माहितीपत्रकाचा होता. एका खासगी संस्थेचा एक वर्षाचा मेडिकल फिजिक्सचा, म्हणजे उपचारात फिजिक्स वापरण्याचा, डिप्लोमा, फी भरपूर, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. आणि तिच्या मनातला चौथा मार्ग होता बीएआरसीचा, म्हणजे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा.

त्या चौथ्याचा निकाल पहिल्या पाच मिनिटांत लागला. बीएआरसीचा डिप.आर.पी., म्हणजे रेडिओलॉजिकल फिजिक्समधला एम.एस्सी.नंतरचा एक वर्षाचा डिप्लोमा, १९६२ पासून चालू आहे. सुरुवातीला त्याला जागतिक आरोग्य संघटनेचं सहकार्य होतं, आता तो होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या छत्राखाली आहे. अणुशक्तीनगरला शिकायचं, विद्यावेतन मिळतं आणि शिकवणारे स्वतः देशभरच्या मशिनी तपासणारे लोक. देशातल्या वरिष्ठ मेडिकल फिजिसिस्टांपैकी कितीतरी तिथूनच बाहेर पडले. पण जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा कडक आणि अर्जाची अट अशी की बी.एस्सी. आणि एम.एस्सी. दोन्हींत किमान ६० टक्के हवेत. एम.एस्सी.चे ६८ बी.एस्सी.च्या ५७ ला झाकत नाहीत. तिला हे माहीत नव्हतं. विभागातल्या कुणालाच माहीत नव्हतं आणि मला त्याचाच जास्त राग आला. पहिल्या वर्षाच्या मुलांना ही एक ओळ सांगायला कितीसा वेळ लागतो?

काका म्हणाले, "मग विषय संपला." तो संपला नव्हता, आणि का नव्हता हे कळायला नियम नीट वाचावे लागतात.

भारतात किरणोत्साराशी संबंधित प्रत्येक मशीनवर अणुऊर्जा नियामक मंडळाचं, म्हणजे एईआरबीचं, नियंत्रण असतं. हे मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं. रेडिओथेरपीत मेडिकल फिजिसिस्ट म्हणून उभं राहायचं तर मंडळाच्या सुरक्षा संहितेनं दोन वाटा ठेवल्या आहेत. पहिली: एम.एस्सी. फिजिक्स, त्यावर रेडिओलॉजिकल किंवा मेडिकल फिजिक्सचा डिप्लोमा. दुसरी: फिजिक्स मुख्य विषय घेऊन विज्ञानाची पदवी, त्यावर थेट मेडिकल फिजिक्समधली पदव्युत्तर पदवी. दोन्ही वाटांच्या शेवटी एक सामाईक अट आहे: सुसज्ज, मान्यताप्राप्त रेडिओथेरपी विभागात किमान बारा महिन्यांची इंटर्नशिप. ती नसेल तर पदवी भिंतीवर टांगायला उत्तम.

बहुतेक घरांत चर्चा फीपासून सुरू होते. या क्षेत्रात ती शेवटापासून सुरू करायला हवी. रुग्णालयाला लिनॅक, म्हणजे बाहेरून किरण देणारं रेडिओथेरपीचं मशीन, चालवण्याचा परवाना हवा असेल तर पात्र फिजिसिस्ट आणि मंडळानं मान्य केलेला, किरणांच्या सुरक्षेची जबाबदारी असणारा रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, आरएसओ, दाखवावाच लागतो. रेडिओथेरपीसाठी त्यात लेव्हल तीनची पात्रता लागते. म्हणजे नोकरी ज्या कागदावर अवलंबून आहे तो विद्यापीठ देत नाही. तो आरएसओच्या पात्रतेचा कागद, त्याआधी इंटर्नशिपचा दाखला, आणि त्या दाखल्याच्या आधी मंडळाला चालणारा अभ्यासक्रम. या क्रमानं मागं मागं जायचं.

मग माहितीपत्रकवाल्यांना तिनं माझ्यासमोरच फोन लावला. प्रश्न एकच विचारायला सांगितला होता: इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात, आणि तसा लेखी करार आहे का? पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, ते आपण नंतर बघू, आधी सीट ब्लॉक करा." एईआरबीच्या संकेतस्थळावर मेडिकल फिजिक्सच्या मान्य अभ्यासक्रमांची यादी असते. ती उघडली. संस्थेचं नाव त्यात नव्हतं. काकांनी माहितीपत्रकाची घडी घालून खिशात ठेवली.

राहिली दुसरी वाट, म्हणजे मेडिकल फिजिक्समध्ये दुसरी एम.एस्सी. इथं वडील पहिल्यांदा अस्वस्थ झाले. "एकदा एम.एस्सी. झाली की परत एम.एस्सी.?" प्रश्न रास्त होता. नियमाच्या हिशोबात तिची पहिली एम.एस्सी. आता मोजली जाणार नव्हती, हे मी लपवलं नाही. क्वांटम मेकॅनिक्स आणि न्यूक्लिअर फिजिक्स मन लावून शिकलेल्या मुलीला पुढचे विषय सोपे जातात हे खरं, पण दोन वर्षं आणि वर इंटर्नशिपचं एक वर्ष जाणारच होतं. बी.एस्सी.नंतर सरळ इकडे वळली असती तर एव्हाना ती इंटर्न असती.

हे अभ्यासक्रम दक्षिणेत जास्त रुळले आहेत. चेन्नईचं अण्णा विद्यापीठ, वेल्लोरचं सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज), कोइंबतूरचं भारतियार विद्यापीठ, मणिपाल. उत्तरेत चंदीगडचं पंजाब विद्यापीठ. महाराष्ट्रातही पर्याय आहेत. तिनं नावांपेक्षा दोन गोष्टी तपासल्या: विभागाला स्वतःचं रेडिओथेरपी केंद्र जोडलेलं आहे का, आणि मागच्या तुकडीतल्या मुलांनी इंटर्नशिप कुठं केली. मागच्या तुकडीतल्या दोघींशी ती स्वतः बोलली. एकीनं तासभर सगळं सांगितलं, फी सोडून इतर खर्च कसा वाढतो तेसुद्धा.

या बोलण्यांत शेजारच्या वाटाही निघाल्या. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये पेट स्कॅन, थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ अशी कामं असतात. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर या विषयातलं देशातलं जुनं घर. एक्स-रे आणि सीटी मशिनींची ठरावीक काळानं गुणवत्ता तपासणी करून देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्था असतात, त्यांना फिजिक्सवाले लागतात आणि फिरतीची तयारी लागते. बॉयलर, पाइपलाइनच्या वेल्डिंगचे फोटो काढणारी इंडस्ट्रियल रेडिओग्राफी आहे. लासलगावचं विकिरण केंद्र आहे, जिथं कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून गॅमा किरण देतात आणि जिथून २००७ मध्ये अमेरिकेला जाणारे आंबे विकिरण करून गेले. मशीन विकणाऱ्या कंपन्यांत अॅप्लिकेशन स्पेशलिस्ट होता येतं, तिथं पगार चांगला आणि बॅग कायम भरलेली. तिनं हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "सर, मला पेशंटच्या बाजूचंच काम करायचंय." पुढं मी दुसरं काही सुचवलं नाही.

एक प्रश्न वडिलांनी जाता जाता, पोरीला बाहेर पाठवून विचारला. किरणांत काम केल्यावर पुढं लग्न, मूलबाळ यात काही अडचण? हा प्रश्न मुलींच्या घरचे विचारतातच आणि तो हसण्यावारी नेऊ नये. लिनॅकचं बटण बंद केलं की किरण बंद. उपचार चालू असताना फिजिसिस्ट जाड काँक्रीटच्या भिंतीपलीकडे असतो. प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेले किरण नोंदवणारा बिल्ला, असतो, तो तीन-तीन महिन्यांनी मोजायला जातो. कर्मचाऱ्यासाठी मर्यादा पाच वर्षांत सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे अंगावर पडलेल्या किरणांचं एकक), कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, आणि रेडिओथेरपीतल्या फिजिसिस्टांचे आकडे सहसा याच्या आसपासही जात नाहीत. गरोदरपण कळवल्यावर गर्भासाठी उरलेल्या काळाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे सामान्य नागरिकाच्या वर्षभराइतकी. त्या काळात कोबाल्ट मशीन आणि ब्रेकीथेरपी (किरणोत्सारी स्रोत गाठीजवळ नेऊन दिलेला उपचार) यांच्या खोल्यांपासून लांबची कामं देतात. वडिलांनी आकडे वहीत लिहून घेतले.

शैक्षणिक कर्ज काढून ती दक्षिणेत गेली. त्या दोन वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अभ्यास झाला, तमिळ थोडंफार आलं, गुण चांगले पडले. खरं प्रकरण इंटर्नशिपला सुरू होतं.

तिला दोन जागा मिळत होत्या. एक मोठं कॉर्पोरेट रुग्णालय, अनेक लिनॅक, नवं सॉफ्टवेअर. दुसरं पठारावरच्या एका शहरातलं विश्वस्त संस्थेचं रुग्णालय, एकच जुना लिनॅक, एक ब्रेकीथेरपी मशीन आणि तोंडाळ म्हणून प्रसिद्ध असलेले मुख्य फिजिसिस्ट. ती दोन्हीकडे दिवसभर बसून आली. पहिल्या ठिकाणी इंटर्न सकाळपासून संध्याकाळपर्यंत संगणकावर अवयवांच्या कडा रेखत होते. दुसऱ्या ठिकाणी सकाळी पहिला रुग्ण यायच्या आधी इंटर्नच मशीनचं आउटपुट, म्हणजे ते नेमके किती किरण देतंय ते, तपासत होते, आणि ब्रेकीथेरपीतला इरिडियमचा किरणोत्सारी स्रोत बदलायची वेळ आली की त्याची मोजणी इंटर्नला करायला लावून सर नंतर स्वतः मोजत. इरिडियम-१९२ चं अर्धायुष्य, म्हणजे जोर निम्म्यावर यायचा काळ, ७४ दिवसांच्या आतबाहेर, त्यामुळे बारा महिन्यांत हा प्रसंग तीन-चारदा येतोच. विद्यावेतन दुसरीकडे कमी, खोलीभाडं कसंबसं निघेल इतकं. तिनं दुसरं निवडलं.

तिथं काय शिकली याचा एक नमुना सविस्तर सांगतो, कारण पदवी आणि पात्रता यांतलं अंतर त्यात दिसतं.

लिनॅक नेमके किती किरण देतो हे पाण्याच्या टाकीत आयन चेंबर, म्हणजे किरण मोजणारी छोटी पोकळ नळी, बुडवून मोजतात. चेंबरच्या पोकळीत हवा असते, आणि ती बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. हवा विरळ असेल तर तिथं आयन कमी तयार होतात आणि वाचन कमी येतं, मशीन बरोबर असलं तरी. म्हणून तापमान आणि दाबाची दुरुस्ती करावी लागते. प्रमाण परिस्थिती २० अंश सेल्सिअस आणि १०१३.२५ मिलिबार. हे सूत्र तिला पाठ होतं, परीक्षेत तिनं ते सिद्धही केलं होतं. पहिल्या महिन्यातल्या एका सकाळी विभागातला बॅरोमीटर दुरुस्तीला गेला होता. तिनं मोबाइलवर हवामान पाहिलं, दाब १०१० दिसला, तो सूत्रात घातला. आउटपुट सहा टक्के कमी आलं.

सरांनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "मशीन कमी देतंय, की तू कमी मोजतेस?"

दुपारपर्यंत तिच्या लक्षात आलं. मोबाइल किंवा विमानतळ जो दाब दाखवतो तो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. साडेपाचशे मीटर उंचीवरच्या त्या शहरात हवेचा प्रत्यक्ष दाब ९५० मिलिबारच्या आसपास असतो. २२ अंशाला दुरुस्तीचा गुणक सुमारे १.०७ यायला हवा, तिचा आला होता १.०१. समजा तिथं विचारणारं कुणी नसतं आणि तिनं मशीन 'कमी देतंय' म्हणून वाढवून ठेवलं असतं, तर त्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाला सहा टक्के जास्त मात्रा गेली असती. तोंडाच्या कॅन्सरला साधारण ७० ग्रे (ग्रे हे मात्रेचं एकक) देतात, ३५ हप्त्यांत. शेजारी मज्जारज्जू असतो, त्याला ४५ ग्रेच्या आत ठेवायची धडपड चाललेली असते. लाळग्रंथीला सरासरी २६ ग्रेच्या आत ठेवता आलं तर पुढं आयुष्यभर भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची वेळ येत नाही. सहा टक्के कुठं जाऊन लागतात ते यावरून कळावं. मशीनच्या आउटपुटमध्ये दोन-तीन टक्क्यांपलीकडचा फरक आम्ही खपवून घेत नाही, तो यासाठी.

बारा महिने झाले, आरएसओच्या परीक्षेतही ती उत्तीर्ण झाली, आणि लगेच एक जागा चालून आली. तालुक्याच्या गावी नवं कॅन्सर रुग्णालय, पगार अपेक्षेपेक्षा बराच जास्त, फिजिसिस्ट आणि आरएसओ दोन्ही तीच. एकटीच. घरात पेढे वाटायची तयारी झाली.

मी नको म्हणालो. कारण म्हणून तिला कोस्टारिकाचं प्रकरण वाचायला दिलं. १९९६ च्या ऑगस्टमध्ये सान होजेच्या एका रुग्णालयात कोबाल्ट मशीनचा स्रोत बदलला. नव्या स्रोताची मात्रा मोजताना ०.३ मिनिट म्हणजे ३० सेकंद असं धरलं गेलं. ०.३ मिनिट म्हणजे १८ सेकंद. शाळकरी चूक. तिच्यामुळे मशीन प्रत्यक्षापेक्षा कमी जोरात चालतंय असं कागदावर आलं आणि त्यानुसार रुग्णांना जास्त वेळ मशीनखाली ठेवलं गेलं. सप्टेंबरच्या शेवटी मशीन थांबवलं तोवर ११५ रुग्णांना ठरल्यापेक्षा सुमारे ५० ते ६० टक्के जास्त मात्रा गेली होती. गणित दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे करून पाहिलं असतं तर ते पहिल्याच दिवशी सापडलं असतं. आपल्याकडे बीएआरसी टपालानं टीएलडी पाठवून मात्रेची बाहेरून पडताळणी करते, ती सोय उत्तम आहे. पण ती रोजच्या कामातल्या दुसऱ्या डोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. इंटर्नशिप संपवून बाहेर पडलेल्या माणसाला एकट्यानं विभाग चालवायला देणं नियमात बसतं. माझ्या मते ते बसू नये.

काकांना हे पटलं नाही. "पगार सोडून पुस्तकातली गोष्ट ऐकायची?" त्यांचा हप्त्यांचा हिशोब बरोबर होता आणि तो माझ्याकडून सुटणार नव्हता. निर्णय तिनं घेतला. कमी पगाराची, पण दोन वरिष्ठ असलेली जागा स्वीकारली आणि कर्जाची मुदत वाढवून घेतली.

त्यानंतर तिनं परदेशाचीही चौकशी केली. अमेरिकेत बोर्डाच्या परीक्षेसाठी २०१४ पासून तिकडच्या मान्यताप्राप्त रेसिडेन्सीची, म्हणजे रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची, अट आहे. इथला अनुभव थेट चालत नाही, जवळजवळ नव्यानं सुरुवात करावी लागते. ब्रिटनमध्ये 'क्लिनिकल सायंटिस्ट' म्हणून नोंदणी झाल्याशिवाय ते नाव लावता येत नाही, मात्र अनुभवाच्या आधारे नोंदणीचा मार्ग आहे. आखातात भारतीय फिजिसिस्ट भरपूर आहेत, तिथं अनुभवाची वर्षं मोजतात. देशातही आता निव्वळ लिनॅकपुरतं काम राहिलेलं नाही. खारघरला टाटा स्मारक केंद्राची प्रोटॉन किरणांनी उपचार करणारी सुविधा चालू झाली आहे. तूर्त ती भारतीय मेडिकल फिजिसिस्ट संघटनेच्या अखत्यारीतल्या कॉलेजची प्रमाणपत्र परीक्षा द्यायच्या तयारीत आहे. ती सक्तीची नाही, पण मुलाखतीत विचारतात.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला होता. मराठवाड्यात एक नवं केंद्र उभं राहतंय, त्यांना विभाग उभा करायला माणूस हवाय आणि तिचं नाव कुणीतरी सुचवलंय. आता तिच्याकडे अनुभव आहे, म्हणून मी नको म्हणालो नाही. तिनं त्यांना दोन अटी घातल्या: मशीन सुरू व्हायच्या आधी दुसरा फिजिसिस्ट नेमायचा, आणि मोजमापाची उपकरणं विभागाची स्वतःची, प्रमाणित केलेली हवीत, बॅरोमीटरसकट. उपकरणांची यादी त्यांनी मागवून घेतली. दुसऱ्या जागेबद्दल व्यवस्थापन अजून 'बघू' म्हणतंय, आणि तिनं सही केलेली नाही.